बर्टीचा शनिवार-रविवार

यतीन सबनीस हा अतिशय सरळ माणूस आहे. इतका सरळ, की त्याच्याकडे चार दिवस राहायला आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशीच कंटाळतो. इंग्लंडात ब्रिस्टलच्या उत्तरेला विमानांचे पंख बनवणारी एक कंपनी आहे, तिथे तो तपासनीस आहे. पंखात पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट असतात. ते नीट बसलेत का हे बघायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यतीन सही करत नाही. एकदा मॅनेजर म्हणाला, कालच्यासारखंच आहे सगळं, करून टाक. यतीनने टॉर्च घेतला आणि तो दोन तास पंखाच्या पोटात जाऊन बसला. काही सापडलं नाही. मग बाहेर येऊन त्याने सही केली. मॅनेजरने त्याला पुन्हा कधी तसं सुचवलं नाही, आणि शुक्रवारी पबमध्येही कधी बोलावलं नाही.

अशा माणसाने जन्मात एकदाच खोटा रिपोर्ट लिहिला, आणि तो लिहिला एका कापडी अस्वलाबद्दल.

त्याचं असं झालं. यतीन आणि कस्तुरीला दोन मुलं. मोठी तनू साडेचार वर्षांची, धाकटा नकुल वर्षाचा. तनू सप्टेंबरात शाळेत जायला लागली. घरात ही मुलगी सकाळी डोळे उघडते ती बोलतच. दुधाबद्दल बोलते, मोज्यांबद्दल बोलते, नकुलच्या शीबद्दल तर तिची स्वतंत्र मतं आहेत. सगळं मराठीत. आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडात मिठाची गुळणी. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, निम्मा नोव्हेंबर गेला. हजेरीला ती हात वर करायची, शू लागली की दाराकडे बोट दाखवायची. शब्द नाही. तिच्या बाई, मिस ऑल्ड्रिज, तरुण आणि भलत्याच शांत होत्या. त्यांचं म्हणणं, दोन भाषांतली मुलं कधीकधी असा वेळ घेतात, तुम्ही घरी तुमचीच भाषा बोलत राहा, काळजी करू नका.

काळजी करू नका असं इंग्रज माणूस म्हणाला की कस्तुरी जास्तच काळजी करते. त्यात साकेत भेटला. साकेत हा त्यांच्याच गल्लीत राहणारा पुण्याचा मित्र, कुठल्याही विषयावरचा उंटावरचा शहाणा. त्याने निदान केलं की मुलीच्या डोक्यात गोंधळ झालाय. घरात मराठी बंद करा. आमच्याकडे बंद केली, तीन आठवड्यांत पोरगा फाडफाड बोलायला लागला. साकेतचा पोरगा आता आजीशी फोनवर बोलताना हाय आणि बाय एवढंच म्हणतो, हे साकेतने सांगितलं नाही. पण ते सगळ्यांना माहीत होतं.

कस्तुरीने मुदत ठरवली. ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत तनू शाळेत बोलली नाही, तर एक जानेवारीपासून घरात इंग्रजी. ती हे रागाने म्हणाली नाही, रडून म्हणाली. त्यामुळे यतीनला वाद घालता आला नाही.

यतीनचं इंग्रजी चांगलं आहे. रिव्हेटसाठी तर उत्तमच आहे. त्याने एका संध्याकाळी सराव म्हणून तनूला इंग्रजीत आंघोळ घालून पाहिली. 'प्लीज लिफ्ट युअर लेफ्ट आर्म,' असं तो म्हणाला. तनूने डावा हात वर केला आणि त्याच्याकडे गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. टॉवेलात गुंडाळेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. लेकीशी गप्पा मारणं हे त्याच्या दिवसातलं एकमेव काम होतं, जे त्याला तपासावं लागत नव्हतं. ते जाणार होतं.

अशातच एका शुक्रवारी तनू घरी अस्वल घेऊन आली.

हे वर्गाचं अस्वल. नाव बर्टी. दर शुक्रवारी ते एका मुलाच्या घरी पाहुणं जातं आणि सोमवारी परत येतं. बरोबर एक वही असते. बर्टीने शनिवार-रविवारी काय केलं हे पालकांनी त्यात लिहायचं. सोमवारी सगळी मुलं गालिच्यावर बसतात, ज्याच्या घरी बर्टी गेला होता ते मूल खुर्चीत बसतं, आणि त्याची हकिगत सांगतं. तनूच्या बाबतीत वही बाई वाचतील, असं मिस ऑल्ड्रिजनी फाटकापाशी हळूच सांगितलं. पण मुलं प्रश्न विचारतात, एखाद्याला ती उत्तर देईलही, कुणी सांगावं.

हे 'कुणी सांगावं' यतीनने घट्ट धरून ठेवलं.

जेवणं झाल्यावर नवरा-बायकोने वही उघडली. बर्टी नावाच्या प्राण्याने गेल्या दहा आठवड्यांत जे केलं होतं, ते सबनीस घराण्यात चार पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. तो कॉर्नवॉलला लाटांवर तरंगला होता. कुणाच्या आजोबांच्या शेतावर ट्रॅक्टरवर बसला होता. बलूनमध्ये चढला होता, आणि एका घरी तर त्याने स्वतः पाव भाजला होता. प्रत्येक पानावर फोटो. कस्तुरीने वही मिटली आणि विचारलं, आपण शनिवारी काय करतो? दोघांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. कपडे धुतात आणि वाणसामानाला लिडलच्या दुकानात जातात.

तेव्हा यतीनने ठरवलं, उद्या स्टोनहेंज. सव्वा तासाचा रस्ता. मोठे दगड, पोरांना आवडतात. बर्टीचा दगडांपुढे फोटो, की सोमवारी मुलं प्रश्न विचारणारच. त्याने तिकिटं काढली, डब्यात काय न्यायचं ते लिहून काढलं, गाडीच्या चाकांतली हवा तपासली.

शनिवारी सकाळी नकुलला ताप आला. कान दुखत असावा, कारण तो कान ओढून ओढून रडत होता. स्टोनहेंज बारगळलं. दिवसभर कस्तुरी आणि यतीन आळीपाळीने नकुलला खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारत होते, आणि तनूकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिचं काही अडलं नाही. ती बर्टीला घेऊन वॉशिंग मशीनसमोर बसली आणि कपडे फिरताना बघत त्याच्याशी तासभर बोलली. दुपारी यतीन नकुलला पोटावर घेऊन गालिच्यावरच आडवा झाला आणि तोंड उघडं टाकून झोपला. तनूने त्याच्या डोक्याखाली बर्टी सरकवला.

रविवारी नकुलचा ताप उतरला आणि तनूने बर्टीला वरणभात भरवला. खोटा-खोटा नाही, खरोखर भरवला. लिंबू पिळून. बर्टीचं तोंड नाकापासून गळ्यापर्यंत पिवळंजर्द झालं.

इथे यतीनने पहिली चूक केली. खोटा रिपोर्ट ही दुसरी, ती नंतरची. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे मराठी घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. यतीनला दोन पदव्या आहेत. कस्तुरी स्वयंपाकघरातून 'थांब' म्हणेपर्यंत त्याने भांड्यांचा साबण घेऊन बर्टीला घासलासुद्धा. बर्टीचं तोंड कुंकवासारखं लाल झालं. चार पाण्यांतून काढल्यावर ते विटकरी झालं आणि तिथेच थांबलं. कस्तुरी म्हणाली, उन्हात ठेव, हळद उन्हाने जाते. दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. ब्रिस्टलमध्ये नोव्हेंबरात ऊन म्हणजे फार तर अफवा. बर्टी रेडिएटरवर वाळला, आणि कुणाला तरी चावून आल्यासारखा दिसायला लागला.

संध्याकाळी यतीन वही घेऊन बसला. खरं लिहायचं तर काय लिहायचं? बर्टीने कपडे धुताना पाहिले. बर्टी उशी झाला. असल्या हकिगतीवर कुठलं मूल प्रश्न विचारणार? आणि मुलांनी विचारलं नाही तर तनू बोलणार कशी? मग त्याने लिहिलं, की बर्टी सबनीस कुटुंबाबरोबर स्टोनहेंजला गेला. हवा छान होती. दगड मोठे होते. तिथे बर्टीने स्ट्रॉबेरी जॅमचे सँडविच खाल्ले आणि उत्साहाच्या भरात तोंड माखून घेतलं. जूनमध्ये तिथे गेले होते तेव्हाचा फोटो त्याने छापून चिकटवला. त्यात चौघंही अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत होते आणि बर्टी नव्हता. खाली यतीनने लिहिलं, फोटो बर्टीने काढला.

'काय लिहितोस?' तनूने विचारलं.

'शाळेचं,' यतीन म्हणाला. तिला अजून वाचता येत नव्हतं. त्याचे कान मात्र तापले.

सोमवारी यतीनचं कामात लक्ष नव्हतं. एका पंखाची तपासणी त्याने दोनदा केली. सव्वातीनला तो शाळेपाशी पोचला, तेव्हा मिस ऑल्ड्रिज फाटकात उभ्या होत्या आणि त्यांनी त्याला लांबूनच हात करून बोलावलं. सगळ्या पालकांसमोर. चोराच्या मनात चांदणं. यतीनने चालता चालताच बर्टीच्या तोंडाबद्दलची माफी इंग्रजीत जुळवली.

मिस ऑल्ड्रिजचे डोळे ओले होते. त्या म्हणाल्या, तनू बोलली.

यतीनला आधी समजलंच नाही. त्याने विचारलं, कुणाशी?

सगळ्यांशी, त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी झालेलं सांगितलं. तनू खुर्चीत बसली होती, बर्टी मांडीवर. त्या वही वाचत होत्या. स्टोनहेंज आलं, हवा छान आली. सँडविचपर्यंत तनू त्यांच्याकडे टक लावून बघत होती. जॅमचं नाव निघालं आणि ती मोठ्याने 'नो' म्हणाली. मग ती म्हणाली, आम्ही कुठेच गेलो नाही. हे जॅम नाही, ही हळद आहे. माझे बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते. हा फोटो उन्हाळ्यातला आहे. बर्टीला फोटो काढता येत नाही, त्याला बोटंच नाहीत. हे सगळं अस्खलित इंग्रजीत, आणि मग ती थांबेचना. मुलांनी हळद म्हणजे काय ते विचारलं, तिने सांगितलं. वरणभात विचारला, तोही सांगितला. वॉशिंग मशीनमध्ये कुठला मोजा किती वेळा वर आला तेही सांगितलं. वही गेली बाजूला. मिस ऑल्ड्रिज हिशोबी बाई असाव्यात, त्यांनी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं.

यतीनला काय करावं ते कळेना. भर वर्गात त्याची अब्रू गेली होती, आणि त्याला फाटकाला टेकून हमसून हमसून रडावंसं वाटत होतं, आनंदाने. तो नुसता सॉरी म्हणाला. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

एकच विचारायचं होतं, त्या म्हणाल्या. तनूने मुलांना सांगितलं, की तिने दोन दिवसांत बर्टीला त्यांच्या घरची भाषा शिकवली. मग मुलांना ऐकायचंच होतं की बर्टी काय बोलतो. तिने जरा विचार करून एक वाक्य सांगितलं. पोरांना ते इतकं आवडलं की दुपारभर सगळा वर्ग तेच घोकतोय. पण अर्थ ती काही केल्या सांगत नाही. तो बाबांना विचारा, म्हणते. मिस ऑल्ड्रिजनी ते वाक्य एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते सावकाश वाचून दाखवलं.

'खोटं बोलू नये.'

यतीनच्या मनात क्षणभर आलं, सांगावं की हा एक नमस्काराचा प्रकार आहे. बाईंना काय कळणार होतं? पण त्याला ते जमलं नाही. त्याने खरा अर्थ सांगितला. मिस ऑल्ड्रिज 'आह' म्हणाल्या, आणि फार शिष्टाचाराने दुसरीकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात घंटा झाली. वर्गाचं दार उघडलं आणि पोरं कोट घालून रांगेने बाहेर आली. सगळ्यात पुढे तांबड्या केसांचा एक मुलगा होता. त्याने हे तनूचे बाबा म्हणून ओळखलं, समोर येऊन उभा राहिला, मान वर केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, 'खोटं बोलू नये.'

'हो,' यतीन म्हणाला.

मग त्याच्या मागची मुलगी आली. तिनेही तेच सांगितलं. मग तिच्या मागचा. वर्गात तनू धरून तीस मुलं. ब्रिस्टलच्या त्या फाटकापाशी एकोणतीस इंग्रज पोरांनी एकामागून एक यतीन सबनीसला मराठीत बजावलं, आणि नाक ओढत, डोळे पुसत, त्याने एकेकाला 'हो' म्हणून कबुली दिली.