आखाजीच्या शिव्या

पुण्याहून बदली होऊन मी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजला आले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सामानात तंबोरा होता. गावात वर्षातून एखाद-दुसरी मैफल व्हायची. ती मी चुकवत नसे आणि एरवी इथे ऐकण्यासारखं काही नाही, असं घरी कळवत असे. सहली म्हणजे हिवाळ्यातल्या भरीत-पार्ट्या. कुणाच्या तरी मळ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडग्याने ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची.

अशाच एका पार्टीत अक्कांशी माझी नीट ओळख झाली. सगळं ऑफिस त्यांना अक्काच म्हणे. त्या ट्रंक बोर्डावर सर्वांत जुन्या. आवाज इतका मऊ, की केळीच्या वॅगनसाठी दिल्लीचा कॉल लावून बसलेला, तापलेला व्यापारीसुद्धा त्यांचं “थोडं थांबावं लागेल हं, साहेब” ऐकून नरमायचा.

“गाण्याची हौस आहे ना तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “मग आखाजीला चला माझ्या माहेरी. झोक्यावरची गाणी ऐका. नंतर शिव्या.”

“शिव्या?”

“हो. त्याही ऐकण्यासारख्या असतात.”

मला ती थट्टा वाटली.

अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात. लग्न झालेल्या मुली त्या सणाला माहेरी येतात. आम्ही पाचोऱ्याला उतरून गिरणेकाठच्या त्यांच्या गावी गेलो. निंबाच्या झाडांना झोके बांधले होते. एका झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहून गात होत्या. चाल चार-पाच सुरांतच फिरत होती. सुरुवातीला मी ते सूर मोजत बसले, मग तो नाद सोडला. पुरुष पारावर उघडपणे पैसे लावून पत्ते खेळत होते. त्यात अक्कांचा भाऊही होता. त्या दिवशी कुणी कुणाला हटकत नाही.

दुपारी बायकांनी गौराई डोक्यावर घेऊन नदीवर नेली. उन्हाळ्यामुळे पात्रात वाळूच जास्त, मधून पाण्याची धार. पलीकडच्या गावच्या बायका त्यांची गौराई घेऊन समोरच्या काठावर आलेल्या. विसर्जन झालं आणि तिकडून मातीचं एक ढेकूळ आलं. मग रीतीप्रमाणे दोन्ही काठांवरून शिव्या सुरू झाल्या. बहुतेक कागदावर लिहिण्यासारख्या नव्हत्या. अक्कांनी पदर कमरेला खोचला आणि त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या.

“वं भवानी, लंगडी म्हैससारखी काय चाली ऱ्हायनी?” तो आवाज त्यांचाच होता, यावर माझा विश्वास बसेना.

पलीकडून हिरव्या लुगड्यातली एक बाई पुढे आली. “तुनं डोकं पांढरं व्हयी गयं, तेले तेल लाव पहिले!”

“तुना पोऱ्या यंदा बी नापासच ना?”

“पास व्हयना तो! नाशिकले शिकाले जाई ऱ्हायना!”

“आनि गुडघाले काय व्हयनं तुना?”

“पानी व्हयनं. डाक्टर सुई टाकी काढस.”

“कोठला डाक्टर?”

“तुले काय करनं शे!” ती बाई किंचाळली आणि तिने ढेकूळ फेकलं. ते पाण्यात पडलं.

माझ्याशेजारी अक्कांची वहिनी उभी होती. ती हळूच म्हणाली, “धाकटी नणंद शे ती मनी.”

तिनेच मला सगळं सांगितलं. धाकटीचं लग्न नदीपलीकडच्या गावातच झालं होतं. आई वारली तेव्हा गिरणेला पूर होता आणि पलीकडे फोन नव्हता, म्हणून अक्कांनी लांबच्या पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. तो पोचला नाही. धाकटी आली तोवर सगळं उरकलं होतं. टेलिफोनात नोकरी करणाऱ्या बहिणीचा निरोप पोचत नाही, हे तिला पटलं नाही. या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं सांगून ती गेली. तेव्हापासून आखाजीला ती माहेरच्या काठावर येत नव्हती. सासरच्या बायकांमध्ये उभी राहायची. भावाशी तिने बोलणंच टाकलं होतं. दोघी बहिणींचंही वर्षभर बोलणं नव्हतं. बोलायच्या त्या एवढ्या एका दुपारी.

परतताना एसटीत अक्कांनी पदराला लागलेली वाळू झटकली. मग म्हणाल्या, “गुडघ्याचं खरं असणार. शिव्या देताना ती खोटं बोलत नाही.”

श्रावणात मी त्यांच्या क्वार्टरवर गेले, तर धाकटी सतरंजीवर पाय लांब करून बसलेली. अक्कांनी भाच्याला नाशिकला पत्र टाकून तिला जळगावच्या हाडांच्या डॉक्टरकडे आणवलं होतं. ती आली कशी, असं मी स्वयंपाकघरात विचारलं.

“माहेरात पाय ठेवणार नाही म्हणाली होती,” अक्का म्हणाल्या. “हे सरकारी क्वार्टर आहे.”

अक्का तिचा गुडघा शेकत होत्या, पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी गेल्यावर त्यांची सोय झाली.

“यांना विचारा, चहात साखर किती?”

“त्यांना सांगा, मी चहा सोडला.”

“कधी सोडला, विचारा.”

मी दोन्हीकडचे निरोप पोचवत राहिले. मला हसू येत होतं. त्या दोघींना येत नव्हतं. धाकटी महिनाभर राहिली आणि नीट चालत गेली.

पुढच्या आखाजीला मी स्वतः होऊन गेले. धाकटी पुन्हा पलीकडच्याच काठावर होती. शिव्या नेहमीसारख्या झाल्या. त्या संपत आल्या तसा वहिनीने अक्कांच्या हातात एक पुडा दिला. अक्का पाण्यात उतरल्या. समोरून धाकटीही उतरली. पाणी पोटरीपर्यंत होतं. मधोमध उभं राहून दोघींनी पुड्यातल्या सांजोऱ्या खाल्ल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मग दोघी आपापल्या काठाला लागल्या.

“पुढला साल इई ती घर,” वहिनी म्हणाली.

पुढच्या साली मी तिथे नव्हते. माझी धुळ्याला बदली झाली होती. आखाजीनंतर मी ऑफिसमधून अक्कांना फोन लावला.

“आली का घरी?”

“नाही,” त्या त्यांच्या बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या. “पण या वेळी भाऊ नदीवर आला होता. बायकांच्या त्या भांडणात पुरुष येत नाहीत. तो लांब बांधावर उभा राहिला. तिनं पाहिलं त्याला.”

“मग?”

“मग त्यालाही शिव्या दिल्या तिनं,” अक्का म्हणाल्या. “पहिल्यांदाच.”