सासूची नक्कल

एकोणीस हंगाम मी खाष्ट सासू केली. झाडीपट्टीच्या नाटकात. म्हणजे धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगावी जी नाटकं होतात, त्यात. आधी दोन वर्षं मी रडकी सून होते. दुसरं लेकरू झालं, अंग सुटलं, तसा दिग्दर्शक म्हणाला, "बाई, आता तुम्ही सासू." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, अहो, मला अजून तिशी नाही लागली. तो म्हणाला, "केसाले पावडर लावू ना पांढरी." झालं! चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे सुनेचे लवकरच आटोपले.

आमच्या नाटकात माणूस तोंड उघडायच्या आधी ओळखू यावा लागतो. सासू खाष्ट, सासरा बावळट, धाकटा भाऊ दारुडा. देवादिकांचं नाटक असलं तर राक्षस हसत हसतच येणार. आणि जंगलातला माणूस दाखवायचा तर डोक्यात पीस, तोंडाला काजळ, बोलणं तोतरं. धानोऱ्याच्या पलीकडे एका गावी पुढच्या रांगेत जंगलातलीच माणसं बसली होती, स्वेटर-मफलर घालून, हातात मोबाइल. पीसवाला आला. मागचे लोक पोट धरून हसले, पुढचे गप्प. मी हे विंगेतून पाहिलं. पण तो रोल काही माझा नव्हता, म्हणून मी चहा प्यायला गेले. जे झालं तेच सांगते आहे.

नाटककारानं माझ्याबद्दल वहीत दोनच शब्द लिहिले होते. सासू, खाष्ट. संवाद होते, पण ती बाई उभी कशी राहते, बघते कशी, हे कुठंच नव्हतं. ते ज्यानं त्यानं आणायचं असतं. माझ्यासमोर सासू एकच होती, घरातली. मी तीच उचलली.

माझी सासू उंच, हाडापेरानं मोठी. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची. मग डाव्या हातानं पदर कमरेला खोचायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "हं, मंग?" पाहणाऱ्याला वाटावं, आता ही कोणाला तरी फाडून खाणार. आणि होती कशी? मला नाटकात जायचं होतं तेव्हा माझा नवरा, दीर, सासरे सगळे तोंड फुगवून बसले होते. तिनं एकटीनं सांगितलं, "जाऊ द्या तिले. कापणी झाली, आता घरी बसून का करते? लेकरू मी पाह्यतो." आणि पाहिलं. दर वर्षी चार-चार महिने माझी दोन्ही लेकरं तिच्याजवळ वाढली. पोरीला तर ताप आला तरी माझी आठवण येत नसे, आजी लागे.

गावात तिचं एक काम ठरलेलं होतं. नवी नवरी सासरी जाते तेव्हा पहिले दोन-तीन दिवस माहेरची एक जाणती बाई तिच्यासोबत राहते. पाठराखीण. आमच्या गावच्या निम्म्या पोरींची पाठराखीण माझी सासू. परक्या घरी जाऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, दोनदा खाकरायची, पदर खोचायची आणि तिथल्या सासूला म्हणायची, "हं, मंग? पोरगी जेवली का?" तिथल्या सासूची टाप नव्हती नाही म्हणायची. गावातल्या बाया सांगायच्या, ही सोबत गेली की पोरगी रडत नाही.

मी ते सगळं जसंच्या तसं स्टेजवर नेलं. खाकरणं, पदर, डोळा, "हं, मंग?" फक्त पुढचं वाक्य नाटककाराचं होतं: "जेवलीस का फुकटचं?" पहिल्याच प्रयोगात एका बाईनं चप्पल फेकून मारली. दिग्दर्शक खूश! म्हणाला, "बाई, जिंकलंत!" दुसऱ्या हंगामात पोस्टरवर नायिकेच्या शेजारी माझा फोटो आला. बाजारात पोरं मला पाहून खाकरायची आणि "हं, मंग?" ओरडून पळायची. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

मग आमच्याच गावच्या मंडईत नाटक लागलं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, अख्खी पंचक्रोशी येते. सासू पुढेच चटईवर बसली होती. मी आले, दोनदा खाकरले, आणि सगळा मांडव हसत हसत तिच्याकडे वळला. तीही हसली. पदर तोंडाला लावून चांगली खळखळून हसली. सकाळी चुलीपाशी मला म्हणाली, "मस्त केलंस. पण मी एवढी वाकडी पाह्यतो का गं?" मी म्हटलं, "नाटक आहे, आत्याबाई." ती म्हणाली, "हो ना, नाटकच आहे." विषय संपला. मला तरी तसं वाटलं.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या पोरीचं लग्न होतं. सासूनं आपली पिशवी भरून ठेवली होती, दोन लुगडी, कंगवा, दुखण्यावरचा बाम. बोलावणं आलंच नाही. त्यांनी दुसरीच बाई नेली. "तुमचं आता वय झालं, बाई, धक्के काऊन खाता?" असं म्हणाले. पुढच्या लग्नात आणखी काही कारण निघालं. तिसऱ्या वेळी तिनं पिशवी भरली नाही. नळावर एकीनं मला खरं कारण सांगितलं, हसत हसतच: "तुझी सासू सोबत पाठवली तर व्याही म्हणतीन, एक सासू होतीच घरात, आता दोन झाल्या!" मीही हसले. ती हसली म्हणून मी हसले. घरी आल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

तिला तीस वर्षं पाहिलेली माणसं होती ही. त्यांच्या बाळंतपणात ती रात्री जागलेली. मला राग आला, खूप आला. पण कोणावर काढायचा? मी त्यांना काय दाखवलं होतं ते मला माहीत होतं. लोक वाईट नसतात, पण तीन तास हसत बघितलेलं डोक्यात पक्कं बसतं आणि तीस वर्षं रोज बघितलेलं माणसाच्या ध्यानात राहत नाही.

मी वडशाला नाटक कंपनीच्या तालमीत गेले तेव्हा दिग्दर्शकाला म्हटलं, यंदा सासू जरा वेगळी करू. किंवा नाटकात एखादी पाठराखीण टाका, मी ती करते. तो तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "पाठराखीण नाटकात करते तरी का? रडत नाई, रडवत नाई. लोकायले सासू पाह्यजे. लोक तिले शिव्या द्यायले तिकीट काढतात." मी म्हटलं, निदान खाकरणं तरी बंद करते. तो म्हणाला, "मंग टाळी कुठी घेता?" मी प्रयोगाला उभी राहिले. आणि खाकरले. टाळी आली. त्यानंतर आणखी पंधरा हंगाम येत राहिली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरीचं जमलं. पोरगा चामोर्शीकडचा, घर चांगलं, माणसं मोकळी. पोरीनं एकच गोष्ट मागितली. "आई, पाठराखीण आजी पाह्यजे. आजी आली तर मले काही भेव नाई." सासूनं हे ऐकलं आणि त्याच दिवशी माळ्यावरची पिशवी काढून झटकली. कितीतरी वर्षांनी काढली होती.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, व्याह्यांकडची माणसं आली. नवरदेवाची आत्या नाटकाची मोठी शौकीन. तिनं माझ्यासोबत फोटो काढले, "हं, मंग?" म्हणून दाखवायला लावलं, मी म्हटलंही. तेवढ्यात सासू पाणी घेऊन बाहेर आली आणि सवयीनं खाकरली. आत्या ओरडलीच, "अगंबाई! ही तर अस्सल!" सगळी बैठक हसली. सासूनं पाण्याचे पेले वाटले, ट्रे घेतला आणि आत गेली.

चार दिवसांनी त्या आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "पाठराखीण कोणाले बी पाठवा हो, पण आजीले नका पाठवू. आमच्याकडची माणसं हसून हसून नवरीकडे पाह्यचीच नाईत." मस्करीच होती ती. मी सांगू शकत होते की बाई, माझी सासू तशी नाही, ते सगळं मी केलं. एवढंच वाक्य होतं. मी स्टेजवर पानभर बोलते. पण व्याही, पोरीचं घर, सुरुवातीलाच कशाला कडू बोलायचं, असं काहीबाही मनात आलं आणि तोंडातून निघालं, "आजीले तसंही जमणार नाई, त्यायचे गुडघे धरले आहेत." आत्या म्हणाली, "अरेरे." पण सुंठेवाचून खोकला गेला, हे तिच्या आवाजात कळत होतं.

फोन ठेवून वळले तर सासू अंगणात सूप घेऊन बसली होती. तांदूळ पाखडत होती. हात थांबला नव्हता. मला वाटलं, ऐकलं नसेल.

संध्याकाळी पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, तू तीन दिवस राह्यजो हां, दोन नाई." मी चुलीपुढे होते. आता पोरीला काय सांगावं ते जुळवत होते. माझ्याआधी सासू बोलली. "कसी येऊ गं? गुडघे धरले माझे. कालपासून उठवत नाई." पोरगी उठून बसली, रडकुंडीला आली, तेल शोधायला धावली. सासूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग लग्नापर्यंत ती लंगडली. पोरीसमोर, पाहुण्यांसमोर, माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा. जन्मात कधी स्टेजवर पाय न ठेवलेली बाई. कधी उजवा पाय ओढायची, कधी डावा. मी नटी आहे, मला चूक दिसत होती. पण तिला सांगू कोणत्या तोंडानं? पोरगी रोज तिचे गुडघे चोळायची आणि ती डोळे मिटून "हाय गं" करायची. मला एवढी लाज आजवर कधी वाटली नाही. शिव्या खाल्ल्या, चप्पल खाल्ली, तेव्हा नव्हती वाटली.

पोरगी निघाली तेव्हा सोबत शेजारची बाई गेली. गाडीत बसताना आत्या म्हणाली, "आजी, जपा हो तब्येत." सासू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. पोरगी खिडकीतून हात काढून ओरडत होती, "तेल लाव! दोनदा लाव!" सासू मान हलवत राहिली. गाडी वळणाआड गेली तसा तिनं खांब सोडला, भाताच्या भांड्यांतला सगळ्यात मोठा गंज एकटीनं उचलला आणि मागच्या अंगणात घासायला नेला.

पोरगी आजही फोन केला की आधी गुडघ्यांचंच विचारते. सासू म्हणते, "हायेत तसेच." आणि फोन माझ्या हातात देते.