पुढचेबाईंचे कान

आमच्या विभागप्रमुख कान-नाक-घशाच्या डॉक्टर. त्यांना कानांचं फार कळे, म्हणजे दुसऱ्यांच्या कानांचं. रुग्ण खुर्चीत टेकायच्या आत त्यांना त्याचा आजार समजलेला असे आणि त्याने तोंड उघडायच्या आत औषध लिहून झालेलं असे. एखाद्याने "डॉक्टर, त्याचं काय झालं, परवा मी मेव्हण्याकडे गेलो होतो" अशी सुरुवात केली, की त्या मेव्हण्याच्या दारातच त्याला अडवत.

"कान दुखतोय ना? थेंब टाका. पुढचा."

हे 'पुढचा' इतकं ठाम असे, की विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव पुढचेबाई ठेवलं. एक नवी मुलगी त्याला खरंच आडनाव समजली आणि पहिल्याच दिवशी अदबीने "गुड मॉर्निंग, पुढचे मॅडम" म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस ती लोकांच्या कानातला मळ काढत होती.

मी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर त्यांच्याच हाताखालचा डॉक्टर. त्यामुळे मी हे सगळं जवळून पाहिलं, शिवाय पगार घेऊन पाहिलं. एक मात्र कबूल करायला हवं, बाईंचा हात सोन्याचा होता. कानाच्या पडद्याला पडलेलं भोक त्या असं बुजवत, की पुढे तपासणाऱ्याला ते शोधावं लागे. फक्त त्या कानात कोणी दोन शब्द प्रेमाचे टाकावेत, ही जबाबदारी त्यांनी वैद्यकशास्त्राबाहेरची मानली होती.

मग त्यांची पन्नाशी उलटली आणि जगाला एक वाईट खोड लागली. सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. निदान बाईंचं निदान तसं होतं.

"हल्लीच्या मुलांच्या तोंडात काय बोळा असतो का?" त्या मला म्हणत. "समोर बघून, स्पष्ट बोला म्हणावं."

मुलं समोर बघून, स्पष्ट बोलायला लागली. थोड्याच दिवसांत आमचा विभाग जिन्यातूनच ऐकू येऊ लागला. आमची मुलं चहा मागवायची तीसुद्धा जाहीर सभेत मागवल्यासारखी. बाई खूश झाल्या, शिस्त लागली म्हणाल्या.

रुग्णांना मात्र शिस्त कशी लावणार? ते आपले पुटपुटतच राहिले. मग बाई खुर्ची पुढे ओढायला लागल्या. रुग्णाच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागल्या. "काय म्हणालात? परत सांगा," असं विचारायला लागल्या, आणि परत सांगितल्यावर पुन्हा, "नीट सांगा." ज्या बाईंनी आयुष्यात कोणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, त्या एकच वाक्य तीन-तीनदा ऐकू लागल्या. बाहेरच्या बाकांवर बातमी पसरली. डॉक्टरीणबाई आता अगदी डोळ्यांत डोळे घालून ऐकतात म्हणे. मनाचा ठाव घेतात म्हणे. रांग जिन्याच्या खाली गेली.

हा नवा सद्गुण कुठून उगवला, याचा अंदाज मला यायला हवा होता. शेवटी मीही कानांचाच डॉक्टर. पण वरिष्ठांच्या आजारांकडे कानाडोळा करण्याचं प्रशिक्षण आम्हाला वेगळं द्यावं लागत नाही.

याच काळात एक आजी आल्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजायची. आधीही त्या एकदा येऊन गेल्या होत्या, तेव्हा बाईंनी "वय झालं. पुढचा," असा सविस्तर सल्ला दिला होता. या वेळी बाई खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"कधीपासून वाजतंय?"

"गुडघे दुखायला लागले तेव्हापासून," आजी म्हणाल्या.

"काय?"

"गुडघे हो, गुडघे धरले ना, तेव्हापासून."

"नीट सांगा."

आजींना वाटलं आपली उलटतपासणी चालली आहे आणि आता लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारणीने दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या. एक घेऊन भागेना म्हणून आजी मूठभर घेत होत्या. "डॉक्टर, सुनेला सांगू नका, ती मला ओरडेल," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. बाईंना त्यातलं किती ऐकू गेलं देव जाणे, पण बाटलीवरचं नाव त्यांना नीट दिसलं. त्या गोळ्या अशा बेसुमार घेतल्या की कानात शिट्टी वाजते, हे त्या आम्हाला दर वर्षी शिकवत. गोळ्या बंद झाल्या, शिट्टी बंद झाली. आजींनी गल्लीभर सांगितलं, की बाई नुसत्या बघून मनातलं काढून घेतात.

ही कीर्ती डीनच्या कानावर गेली. नव्या डीनना 'रुग्णाशी संवाद' या विषयावर व्याख्यानं सुरू करायची होती. बाकीचे विभागप्रमुख पाठदुखी, परिषदा आणि पाहुणे यांच्या आड लपले. बाई उभ्या राहिल्या.

व्याख्यान खरोखर चांगलं झालं. रुग्ण म्हणजे नुसता कान नव्हे, त्याच्या मागे माणूस असतो, असं बाईंनी सांगितलं. ज्यांनी त्यांना पूर्वी पाहिलं होतं त्यांनी एकमेकांना कोपरं मारली. मग प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या रांगेतला एक हळवा मुलगा उठला. तो दुसऱ्या विभागातला, त्याला आमची शिस्त लागलेली नव्हती.

"मॅडम, बोलता बोलता रुग्ण रडायला लागला, तर आपण काय करायचं?"

बाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"आपण बाजूला व्हायचं," त्या म्हणाल्या. "आणि ताबडतोब सिक्युरिटीला बोलवायचं."

सभागृहात असा हशा उसळला, की डीननी रुमाल तोंडाला लावला. बाईही थोडं हसल्या. आपण विनोद केला आहे असा त्यांचा समज झाला असावा.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"का हसले सगळे?"

मी सांगितलं. नीट, समोर बघून, स्पष्ट. "तो म्हणाला 'रडायला'. तुम्हाला 'लढायला' ऐकू आलं."

त्यांच्या चेहऱ्याचा सगळा रंग उतरला. त्या माझ्या पुढे चालत थेट ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीत गेल्या, काचेच्या पेटीत बसल्या, स्वतःच्या हाताने हेडफोन चढवले आणि मला खूण केली. मी एकेक बारीक आवाज सोडायला लागलो. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. त्या भराभर दाबत होत्या. इतका चांगला निकाल पाहून मी चकित झालो, आणि मग माझ्या लक्षात आलं, त्या काचेतून माझ्या बोटांकडे बघताहेत. मी उठलो आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानंतर बटण बराच वेळ दाबलं गेलं नाही.

तपासणीच्या आलेखाचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यावरची रेघ डोंगरावरून घरंगळल्यासारखी खाली गेली होती.

"वय झालं," बाई म्हणाल्या.

त्यांना कानामागे बसणारं मशीन लागणार हे उघड होतं. तीस वर्षं त्यांनी लोकांना बजावलं होतं, की चष्म्याची लाज वाटत नाही तर मशीनची कसली. स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांना आधी रजा हवी होती, मग केस वाढवायचे होते, मग उन्हाळा संपायचा होता. शेवटी यजमानांनी त्यांना हाताला धरून माझ्या खोलीत आणलं. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अतिशय शांत गृहस्थ. सुट्टी घेऊन आलेली त्यांची मुलगीही बरोबर होती. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि दर रविवारी आईला फोन करायची.

मी मशीन बसवलं, चालू केलं. बाई दचकल्या. पंखा कुरकुरतो आहे अशी तक्रार केली. तो वर्षानुवर्षं कुरकुरतच होता. मग त्या यजमानांकडे वळल्या.

"तुला माहीत होतं मला ऐकू येत नाही ते?"

"चांगली तीन-चार वर्षं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो ना. तुला ऐकू गेलं नाही."

मुलगी हसली. मग आईच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आई, पण तुला माझं सगळं कळायचं. मी घर सोडलं तेव्हा फोनवर तू एका शब्दाने उलट विचारलं नाहीस. 'छान झालं, वेळेवर जेवत जा,' म्हणालीस. मी रडत होते गं, आणि तू इतकी शांत. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं मी, आई असावी तर अशी."

"कुठलं घर सोडलंस?" बाईंनी विचारलं.

मुलीने हात मागे घेतला.

"नवऱ्याचं," ती हळूच म्हणाली. आता तिला हळू बोललं तरी चालत होतं. "गेल्या वर्षी. आता कागदही झाले."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आपण घरी बोललोही त्यावर. म्हणजे मी बोललो. तू मान हलवलीस. मला वाटलं, तू पचवलंस."

जावयाचा फोटो अजून बाईंच्या टेबलावर होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या त्याचं कौतुक सांगत. आता तडाखा बसणार म्हणून मी उगीच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधू लागलो. बाईंचा हात मशीनकडे गेला. मला वाटलं, बंद करणार. त्यांनी आवाज वाढवला.

"मी 'छान' कशाला म्हणाले, मलाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला काही ऐकूच आलं नव्हतं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी वर्षभर त्या एका शब्दावर उभी होते, आई."

"हो," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढली. "परत सांग. पहिल्यापासून."

मुलीने सांगितलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, म्हणून काय सांगितलं ते मला माहीत नाही. बाहेर रुग्ण ताटकळत होते, कुरकुरत होते, एकाने तर घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. आत बराच वेळ एकच आवाज येत होता आणि तो बाईंचा नव्हता.

त्यानंतर बाई बदलल्या असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या ओपीडीत एक सकाळ काढावी. आता त्यांना पहिल्याच वेळी ऐकू येतं, त्यामुळे मेव्हण्याच्या गोष्टी पुन्हा दारात अडतात. बाकांवरची मंडळी हळहळतात. 'मशीन लावल्यापासून बाई पूर्वीसारख्या ऐकत नाहीत' असं त्यांचं म्हणणं आहे. अधूनमधून मात्र एखाद्या रुग्णापाशी त्या अडखळतात, खुर्ची ओढतात आणि ऐकू आलेलं असूनही परत विचारतात. कोणापाशी आणि का, हे मला अजून उमगलेलं नाही. विद्यार्थ्यांना शिकवता येईल असं त्यात काही सापडत नाही.

डीनच्या मीटिंगमध्ये मशीन बंद असतं. तो वैद्यकीय सल्ला मीच दिला आहे.

आणि मायलेकींची आता दर रविवारी फोनवर कडाक्याची भांडणं होतात. तू अशी कशी वागलीस, आधी का नाही सांगितलंस, सांगितलं होतं, मोठ्याने सांगायचं. यजमान दार लावून नकाशे बघत बसतात. मुलगी सोमवारी मला मेसेज करून मशीनचा आवाज कमी करता येईल का विचारते. तसं करता येत नाही, असं मी कळवतो. पुढच्या रविवारी ती परत फोन करते.