चौथा दोर

गुरुवार, दि. १२ एप्रिल १९८४. दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि मी भूमच्या दूध केंद्रामागील हौदाजवळ सोड्याच्या पाण्याने कॅन धूत होतो. तारीख पक्की लक्षात आहे, कारण चौदा एप्रिलची जयंती दोन दिवसांवर आली होती आणि कामाला लागून महिनाही झाला नसताना सुटी कशी मागावी, या काळजीत मी एकच कॅन पुन्हा पुन्हा घासत होतो. तेवढ्यात एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या काखेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

"त्या कॅनला भोक पडंल आता," ते म्हणाले. "हात पूस आन् हिकडं ये. बोलायचं मातर न्हाई."

त्यांनी मला रिकाम्या टेम्पोत मागे बसवले आणि ते गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. आत लांडोर होती. तारेच्या कुंपणात अडकून तिचा पाय कापला गेला होता. तिचे डोके फडक्याने झाकलेले होते आणि छातीची धडधड माझ्या तळहाताला लागत होती. उस्मानाबाद येईपर्यंत ते गृहस्थ माझ्यासमोर बसून होते, पण एक शब्द बोलले नाहीत. आपल्या हातून काय चुकले असेल, याचाच मी वाटभर विचार करीत राहिलो. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती लांडोर सोपवून आम्ही बाहेर आलो आणि त्यांनी बोलायला जी सुरुवात केली ती भूमचा स्टँड दिसेपर्यंत. माझे गाव कोणते, मी आठवीत शाळा का सोडली, टेम्पोवाल्यांच्या मेहुण्याचे लग्न कसे मोडले आणि पुन्हा कसे जुळले, सगळे त्यात आले. जयंतीची सुटी मला न मागता मिळाली. ती त्यांनीच सांगून ठेवली होती, हे मला पुढे कळले.

ते श्री. लिंबाजी रामा ओव्हाळ, म्हणजे आपल्या सर्वांचे तात्या. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली माणसे लिहिणार आहेत. मी फक्त पाहिलेले लिहितो.

तात्या दूध केंद्रात कॅन चढवण्या-उतरवण्याचे मुकादम. दुष्काळाच्या त्या वर्षांत माळावरचे पाणवठे आटले, तशी हरणे, कोल्हे, मोर पाण्याच्या वासाने गावाजवळ येऊ लागले. कुणी कठडा नसलेल्या विहिरीत पडे, कुणी कुत्र्यांच्या तावडीत सापडे. केंद्राचा टेम्पो दुपारी मोकळे कॅन आणायला उस्मानाबादला रिकामाच जात असे. त्यातून एखादे जखमी जनावर नेले तर चालेल का, असे तात्यांनी संचालकांना विचारले. संचालकांनी दोन अटी घातल्या. जादा खेप करायची नाही, आणि दुधाचे कॅन चढवण्याआधी टेम्पो स्वच्छ धुवायचा. धुण्याचे काम माझ्याकडे आले. तात्या, तेरखेड्याचे टेम्पोचालक रशीदभाई आणि मी, अशी आमची टोळी झाली. उस्मानाबादला डॉक्टर उपचार करीत आणि बरे होईपर्यंत जनावर वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या जाळीच्या आवारात राही. नेलेली सगळी जगली, असे मी लिहिणार नाही; तात्यांना ते आवडणार नाही.

न बोलण्याचा नियम त्यांचाच. "आपन त्याला बाळा म्हनताव, राजा म्हनताव," ते सांगत, "आन् त्याला वाटतंय, आता खातेत मला." पाय मोडलेले हरीण पायाने मरत नाही, भोवतीच्या गर्दीने मरते, असे त्यांचे म्हणणे. गप्पांशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे तात्या टेम्पोत बसले की मूर्तीसारखे बसत.

मला कोणतीही गोष्ट दोन-तीनदा तपासायची खोड आहे. केंद्रावर यावरून सगळे हसत. तात्यांनी दोर बांधण्याचे काम माझ्याकडे दिले. रशीदभाई वैतागून म्हणत, "कितने बार देखता रे? झाली की गाठ." त्यावर तात्या म्हणाले, "बघू द्या रशीदभाई. खाली इहिरीत म्या असतोय. मला गाठ तिनदा बघनारंच मानूस पायजे." माझ्या या खोडीचा कुणाला उपयोग होईल, असे मला त्याआधी कधी वाटले नव्हते.

आता जे लिहायचे आहे ते माझ्या वडिलांविषयी आहे, कारण त्यावाचून तात्यांचे मोठेपण सांगता येत नाही. धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने गावकीची कामे सोडली. मेलेले ढोर ओढून नेणे हे त्यातलेच एक. गावाला ते मानवले नाही. वडिलांना कुणी कामाला लावीना, म्हणून त्यांनी बार्शीला जाऊन हमाली केली. मी जनावरे उचलायला जातो, हे त्यांना कळले तेव्हा ते जेवणावरून उठले.

"आमी ढोरं वढायची सोडली, त्यापायी गावानं आमाला पिठाच्या गिरनीत उभं केलं न्हाई," ते म्हणाले. "आन् तू पुन्यांदा ढोरंच उचलायलास व्हय?"

"ती मेलेली होती, दादा. ही जिवंत असतात."

"गावाला काय त्याचं? गाव म्हनल, बरं झालं, मानूस गावलं." मग म्हणाले, "ज्या दिशी कुनाच्या हुकमानं जाशील, त्या दिशी ह्या घराकडं येऊ नको."

मी हे तात्यांना सांगितले. ते विषय हसण्यावारी नेतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "वडील बरूबर बोलत्यात. मलाबी ह्योच घोर आसतोय. म्हनून तर चौथा दोर हाय."

चौथा दोर म्हणजे काय, ते सांगतो. विहिरीतून जनावर काढताना आम्ही बाजेच्या चार कोपऱ्यांना चार दोर बांधून ती खाली सोडत असू. तात्या आधीच खाली उतरलेले असत. वर ओढायला चार माणसे लागत. तीन दोर कुणीही धरावेत; चौथा मात्र ज्याने बोलावले त्या घरच्या माणसानेच धरायचा आणि त्यानेच दवाखान्यापर्यंत सोबत यायचे, हा तात्यांचा नियम होता. लहान शेतकरी तो दोर आनंदाने धरीत. एका म्हाताऱ्या बाईंनीही धरला होता.

पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावाहून माणिकराव पाटलांचा गडी सायकलीवर केंद्रावर आला.

"ओव्हाळाला बलावलंय पाटलानी," तो म्हणाला. "इहिरीत हरीण पडलंय. दिस मावळायच्या आत वढून न्या म्हनलेत. पानी नासंल."

गावकीच्या काळात सांगावा असाच येई, हे मी वडिलांकडून ऐकले होते. मी तात्यांकडे पाहिले. ते गेले तर मला घर बंद होणार होते, आणि ते गेले नाहीत तर हरीण मरणार होते.

"जितं हाय का?" तात्यांनी विचारले.

"मान हालवायलंय."

"चला."

आम्ही टेम्पोने पाटलांच्या विहिरीवर पोचलो. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. तळाला घोटाभर पाणी आणि चिखल होता, आणि त्यात काळविटाची मादी पडली होती. तात्या दोराने उतरले, फडक्याने तिचे डोळे झाकले, मोडलेल्या पायाला गोणपाटाची घडी बांधली आणि बाज खाली येताच तिला अलगद बाजेवर घेतले. वर एक दोर रशीदभाईंनी धरला, एक मी आणि एक सायकलवाल्या गड्याने. पाटील लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. त्यांनी दुसऱ्या गड्याला खूण केली. "धर रे चौथा."

तात्यांनी खालून नकारार्थी मान हलवली. हरीण शेजारी असल्यामुळे त्यांना बोलायचे नव्हते. त्यांनी फक्त चार बोटे वर केली आणि माझ्याकडे पाहिले. बोलणे मला भाग होते.

"पाटील, चौथा दोर घरच्यानं धरायचा असतो."

"कुनाच्या घरच्यानं?"

"ज्यानं बोलावलं त्याच्या."

पाटील हसले. "म्या काम कराया बलावलंय. संगं काम कराया न्हाई."

"तुमी न्हाई धरला तर तीनच दोर, पाटील. बाज तिरपी होनार," रशीदभाई म्हणाले. "वो गिर जायेगा."

पाटील उठून काठापर्यंत आले आणि खाली वाकले. "ओव्हाळ, तुमच्या बापानं आमच्या दारातलं जनावर कधी असं आडवून धरलं न्हवतं."

जमलेली माणसे काठाकडे सरकली. विहिरीतून तात्यांचा आवाज आला. तो इतका हळू होता की सगळ्यांना कान द्यावा लागला.

"त्यांना तशी सोय न्हवती, पाटील. मला हाय. पर मला जनावर आडवायचं न्हाई. सावली बरी हाय हितं, म्या बसतो हिच्याजवळ. तुमी दोर धरस्तवर."

आणि ते खरोखरच चिखलात, हरणाच्या मानेवर हात ठेवून, मांडी घालून बसले. तात्यांचे चुकते आहे, असे मला वाटू लागले. हरणाच्या जिवावर कोणता हट्ट धरावा आणि कोणता सोडावा, हे मला कळेनासे झाले. तात्यांच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. शेजारच्या घरी पाणी मागून ते येईपर्यंत माणूस जसा बसतो, तसे ते बसले होते.

पाटलांनी एकदा गर्दीकडे पाहिले. मग टोपी खुर्चीवर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि गड्याच्या हातातून दोर घेतला.

"पाय रोवा, पाटील," रशीदभाई म्हणाले.

"रोवलेत. तुमी तुमचं बघा."

बाज सरळ वर आली. पाटलांच्या तळहाताची साल निघाली, पण त्यांनी दोर सोडला नाही. तात्या वर येताच पहिले काम त्यांनी केले ते पाटलांच्या हातावर पाणी घालण्याचे.

टेम्पोत पाटील पालथ्या कॅनवर बसले. तेरखेड्याच्या अलीकडे रशीदभाईंनी टेम्पो थांबवला. पुढे फटाक्यांच्या कारखान्यांच्या शेडबाहेर तयार फटाके वाजवून बघणे चालले होते. पहिल्याच बाराला हरणाचे सगळे अंग थरथरले. तात्यांचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांवर आणि मानेवर होते, मी बाज धरली होती, आणि इंजिन बंद केले तर धक्का मारल्याशिवाय टेम्पो चालू होत नसल्याने रशीदभाईंना जागेवरून हलता येत नव्हते. मोकळे फक्त पाटील होते. तात्यांनी न बोलता रस्त्याकडे हनुवटी केली.

पाटील उतरले आणि टेम्पोच्या पुढे पायी चालू लागले. प्रत्येक शेडपाशी थांबून ते सांगत होते, "जरा दमा, गाडीत आजारी हाय."

"कोन आजारी हाय वो?" एका कारागिराने विचारले.

पाटलांनी मागे टेम्पोकडे पाहिले. "आमच्या घरचं हाय," ते म्हणाले.

रशीदभाईंनी हसू येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरला. तेरखेडा ओलांडेपर्यंत एकही फटाका वाजला नाही. डॉक्टरांनी पायाला पट्टी घातली. पाटील त्यानंतर दोनदा रोपवाटिकेत तिला पाहून आले आणि हिवाळ्यात तिला माळावर सोडले तेव्हाही हजर होते. ती किंचित लंगडत गेली, पण गेली.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "पाटलानं दोर धरला?"

"धरला."

"हातानं?"

"हातानंच. साल निघाली."

वडिलांनी स्वतःचे घट्टे पडलेले तळहात पाहिले. मग म्हणाले, "जात जा." त्या वर्षाच्या अखेरीस पाटलांच्या गावाहून पुन्हा निरोप आला, एका घुबडासाठी. गड्याने आणलेला निरोप असा होता: "तात्यांना इचारा, सवड हाय का." तोही मी वडिलांना सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून दुसऱ्यांदा वदवून घेतला.

तात्यांचे माझ्यावर याखेरीज बरेच उपकार आहेत. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. परीक्षेच्या दिवशी मी घाबरून दूध केंद्रावरच बसून राहिलो, तेव्हा रशीदभाईंना सांगून टेम्पोतून शाळेच्या दारात नेऊन सोडले. "आज तू जनावर, आमी टोळी," असे म्हणाले आणि वाटभर एक शब्द बोलले नाहीत. मी पास झालो. हा लेख शुद्ध लिहिता यावा म्हणून मी चारदा उतरवून काढला आहे. तरी काही राहिले असल्यास दोष माझा.

तात्यांचे गुडघे आता दुखतात. गेल्या वर्षापासून विहिरीत मी उतरतो. हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "वर कोन आसतंय?" तात्या असतात म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. तळाशी पोचले की मला आजही भीती वाटते, आणि मी वर पाहतो. आभाळाच्या गोल तुकड्याला लागून तात्यांचा चेहरा दिसतो. ते काही बोलत नाहीत. तो चेहरा दिसला की माझे हात स्थिर होतात. तात्यांनी उत्तम प्रकृतीने, आणखी पुष्कळ वर्षे, असेच काठावर उभे राहावे, ही माझी आणि माझ्या वडिलांची मंगल कामना.