राखणदाराचं टेबल

"अंकल, बॉटल अंदर नहीं जाएगी."

दारावरचा माणूस बाबांच्या हातातल्या बाटलीकडे बोट करून बोलला. काळे कपडे, कानात वायर. बाटलीला हात लावला नाही त्याने. तोंड मात्र जरा बाजूला केलं. उराकाला वास असतोच. काजूच्या बोंडांच्या रसाची ती पहिली दारू, बूच घट्ट असलं तरी वास लपत नाही.

बाबांना वाटलं, याला माहीत नाही, सांगितलं की कळेल.

"आमका पिऊक नाय रे पुता. राखणदाराची ती. माझ्या घशात अजून थेंबय गेलो नाय."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आउटसाइड अल्कोहोल अलाउड नहीं. पॉलिसी है."

बाहेरची दारू. माझ्या कानाखाली बसल्यासारखं झालं. ज्या भिंतीला टेकून तो हे बोलत होता, त्या भिंतीच्या आत माझ्या बाबांनी उभा जन्म दारू गाळली होती.

ती भाटकाराची भाटी, दारू गाळायची भट्टी. जमीन भाटकाराची आणि आम्ही त्याचे मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर बांधून त्याच्यासाठी राबणारे. हंगामात बोंडं तुडवायची, रस उकळायच्या तांब्याच्या भाणाखाली आग ठेवायची, धूर गिळायचा. म्हातारा भाटकार गेला. मुलाने भाटी दिल्लीच्या लोकांना दिली. त्यांनी जांभ्याच्या भिंती तशाच ठेवल्या, भाणं उलटी टांगून त्यात दिवे लावले आणि कॉकटेल बार काढला. रिझर्वेशनशिवाय प्रवेश नाही. बारचं नाव सांगत नाही. सांगून त्यांचीच गिऱ्हाइकं वाढायची.

मागच्या अंगणात वड आहे. वडाच्या मुळाशी एक चिरा. तो आमचा राखणदार, जागा राखणारा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. हंगामाचा पहिला उराक आधी त्याला, मग माणसांना, ही रीत. तिन्हीसांजेला चिऱ्यावर उराक ओतायचा, विडी पेटवून ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. साथ नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं बाबा मानतात.

आता त्या वडाखाली चार खुर्च्यांचं टेबल आहे. सगळ्यात आधी तेच बुक होतं म्हणे.

बार झाल्यापासून बाबा इब्रामपूरला मामाच्या भाटीवर जायचे. पहिला उराक घेऊन यायचे आणि रस्त्यावरूनच कुंपणाच्या भिंतीवर ओतायचे. हे खरं नव्हे, असं स्वतःच म्हणायचे. यंदा म्हापशाच्या डॉक्टरने छातीचा फोटो बघून सांगितलं, धूर बंद. म्हणजे हा शेवटचा हंगाम. भाटी सोडायची तर राखणदाराचा निरोप घ्यायला हवा. इतकी वर्षं तुझ्या आगीशी बसलो, आता बसवत नाही, मला मोकळा कर, हे चिऱ्यासमोर उभं राहून सांगायला हवं. नाहीतर मरताना जीव अडकेल. बाबा हे तोंडाने बोलले नाहीत, पण मला समजत होतं.

मी म्हटलं, त्यात काय, टेबल बुक करूया.

हसू येतं आता. देवाला भेटायला टेबल बुक करणारी बहुतेक मी पहिलीच. पेडण्याला मेडिकलच्या काउंटरवर मी बसते, पर्यटकांशी बोलून बोलून इंग्रजी बरं झालंय. फोनवरच्या मुलीने नाव विचारलं, इन्स्टाग्रामचं खातं विचारलं, किती जण ते विचारलं. वडाखालचं टेबल, बुधवार, संध्याकाळ. कन्फर्म. फोनवर मी चालले. बाबांना घेऊन दारात उभी राहिले तेव्हा चालेनाशी झाले.

चपला चालत नाहीत असं त्यांनी मेसेजमध्ये लिहिलं होतं, म्हणून बाबांना बूट आणले. जन्मात त्यांनी बूट घातला नव्हता. अंगणात चालून चालून सवय केली. शेजारीण हसली तर म्हणाले, "बारात जातंय मी. तूय ये गो कधीतरी." खूश होते.

दारावरचा माणूस वाईट नव्हता. समजुतीने म्हणाला, "अंदर उराक का कॉकटेल है ना. अंकल के लिए वही ऑर्डर कर लीजिए."

"कितां म्हणता तो?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं नाही.

मग मॅनेजर आला. गोड माणूस, हात जोडून बोलणारा. मी त्याला सगळं सांगितलं, चिरा, निरोप, गाऱ्हाणं. त्याचे डोळे चमकले.

"अरे, ये तो गजब है! अंकल, सैटरडे को आइए. गेस्ट के सामने कीजिए. बॉटल भी लाइए." मग बाबांच्या पायांकडे बघितलं. "बस, जूते मत पहनना. वो लंगोट टाइप पहनते हैं ना आप लोग, वही."

पाहुणा म्हणून बूट घातलेला बाप आत नको. तमाशा म्हणून उघडा चालेल. मी नाही म्हणाले. बाबा हो म्हणाले.

"चिऱ्यापर्यंत पावलंव म्हणजे झाला, बाय," ते म्हणाले.

शनिवारी ते गेले. काष्टी, उघडं अंग, अनवाणी पाय. काष्टीची मला कधी लाज वाटली नव्हती, लहानपणापासून भाटीवर त्यांना तशीच बघत आले. त्या संध्याकाळी वाटली. आणि लाज वाटली म्हणून राग आला, माझा मलाच. वडाखालचं टेबल थोडं सरकवलं होतं. खुर्च्यांवर पाहुणे, त्यांच्या मागे आणखी पाहुणे, सगळ्यांचे मोबाइल वर. चिऱ्याशेजारी मेणबत्त्या लावल्या होत्या, सुगंधी. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही. डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. इतकी वर्सां तुझ्या आगीकडे बसलंय, तू माका सांभाळलंस. आता छाती साथ देना नाय. काय चुकला माकला ता पोटात घाल आणि माका मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कारण त्याच वेळी सगळे ग्लास उंचावून ओरडले, "होय महाराजा!" मॅनेजरने त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. मग हशा, टाळ्या, कुणाची तरी शिट्टी.

बाबांनी बूच काढलं.

"अंकल, एक मिनट! अभी मत डालिए. मेरा वीडियो नहीं आया. शुरू से, प्लीज!"

टेबलावरची एक बाई. उद्धट नव्हती, खरंच विनवत होती. तेच जास्त लागलं.

बाबांनी डोळे उघडले. चिऱ्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं. गाऱ्हाणं दुसऱ्यांदा घालत नाहीत. निरोप तर नाहीच नाही. हे मला त्यांनीच शिकवलंय. पण भाटकारापुढे जन्मभर हो म्हणत आलेला माणूस तो. बाटली काखेत धरून त्यांनी पुन्हा हात जोडले.

"बा देवा..."

"बाबा, पुरो," मी म्हटलं. बाटली त्यांच्या काखेतून काढून घेतली.

मॅनेजर जवळ आला. अजून हसतच होता. "मॅडम, एक बार और बोल देंगे तो क्या फ़र्क पड़ता है?"

मी बाबांचा दंड धरला आणि त्या माणसांमधून वाट काढत त्यांना रस्त्यावर आणलं. मोबाइल आमच्या मागे वळले. तेही त्यांनी टिपलं असणार.

रस्त्यावर बाबा माझ्यावर उसळले.

"चिरो हातभर लांब होतो! हातभर! राखणदार उपाशी रवलो, तुझ्या रागाक लागान!"

तेही खरं. घरापर्यंत ते माझ्यापुढे चालत राहिले, वाटेत खोकत थांबले, पण मला पाठीला हात लावू दिला नाही. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

वाड्यावर, आमच्या वस्तीत, कुणी आमच्या बाजूने तोंड उघडलं नाही. त्यांना तरी काय म्हणू? त्यांचीच माणसं तिथे ग्लास धुतात, बागेला पाणी घालतात. बाबांचे भाटीवरचे सोबती बहुतेक गेले. एक उरलाय, तो अंथरुणाला खिळलेला. मग एके दिवशी पंचायतीतले आमचे पंच घरी आले. चहा प्यायले. म्हणाले, "त्या बारवाल्यांनी जत्रेक मांडव घालून दिलो. उगीच वाकड्यात कित्याक शिरता गो?" आणि तोडगा काढला. सोमवारी बार बंद असतो. सकाळी मागच्या बाजूने, कामगारांच्या दाराने, गुपचूप यायचं, उराक ओतायचा आणि जायचं. कुणी बघणार नाही, कुणी फोटो काढणार नाही.

पंच गेल्यावर बाबांनी धुतलेलं धोतर काढून खाटेवर ठेवलं. कितीतरी दिवसांनी मला हाक मारली.

"बाय, साथीक आता तूच. दुसरो कोण उरलो हा?"

बायकांनी साथ द्यायची नसते, त्या शनिवारी मी आपणहून दिली होती. तेसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं.

मी नाही म्हणाले.

मी सांगितलं, आजोबा भाटकाराच्या घरात मागच्या दाराने गेले, तुम्हीही मागच्याच दाराने गेलात. राखणदाराकडे तेवढं आपण पुढून जात होतो. आता तिथेही चोरासारखं, बंद दिवशी, दुसऱ्याच्या मेहेरबानीने जायचं असेल तर माझ्याकडून साथ मिळणार नाही. पुढच्या दाराने, तिन्हीसांजेला, आपली बाटली हातात घेऊन, कुणाला न विचारता चिऱ्यापर्यंत जाऊ, त्या दिवशी देईन.

"तो दिस माझ्या जन्मात येवचो नाय," बाबा म्हणाले.

"नाही येणार," मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू? मला तो माझ्याही जन्मात दिसत नाही. बारवाल्यांनी आता कुठून तरी एक नाटकात काम करणारा माणूस आणलाय. तो काष्टी नेसून शनिवारी गाऱ्हाणं घालतो, लोक म्हणतील तितक्या वेळा. बाबांची छाती दिवसेंदिवस खालावते आहे. दोन शब्द बोलले की धाप लागते. ते मोकळे न होताच जातील आणि त्याचा दोष माझ्या माथी टाकून जातील. टाकू देत.

धोतर अजून खाटेवर आहे. दर सोमवारी सकाळी बाबा विचारतात, "येतंस?" दर सोमवारी मी त्यांच्या डोळ्यांत बघून नाही म्हणते.