तिसऱ्यांदा परत आलेला शोधनिबंध

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी माझा शोधनिबंध तिसऱ्यांदा परत आला. वीजवाहक द्रव चुंबकाजवळून कसा वाहतो, याचं गणित चार वर्षं फ्रॅक्टल-फ्रॅक्शनल कलन या गणिती पद्धतीनं मांडतेय. परीक्षकांचा शेरा दर वेळी एकच: "प्रत्यक्षात उपयोग काय?"

घरी येऊन नुसती बसले. बाबांची नोकरी हिंगण्याला, लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाली. ते शेजारी येऊन बसले.

"काहून गप्प बसून राहिली वं?"

"बाबा, द्रवाचं आत्ताचं वाहणं आधी त्याच्यासोबत काय घडलं त्यावरही ठरतं. मी तेच मोजते. पण लोकांना पटत नाही."

"वितळलेलं लोखंड तसंच वागते. आधी किती तापलं, किती वेळ थांबलं, ते पाहूनच आम्ही ओतत होतो. तेही अंदाजानं. तुह्या गणितानं नेमकं समजते का?"

परीक्षकांना बाबांच्या लोखंडाचं उदाहरण देऊन उत्तर उद्या लिहीन, आज त्राण नाही. पण चार वर्षांत मी बाबांना त्यांच्या कामाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही घरी आपलं काम सांगता का?