खिशाच्या आतला निळा

घरी केक करते म्हटलं की लोकांना वाटतं, बाई मोठी शांत असेल. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे घरच्यांनाच ठाऊक. त्यातून सासरे निवृत्त झाल्यापासून माझ्या कामात सारखं नाक खुपसायचे. त्यांची सगळी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांना रंग देण्यात गेलेली. मी साधं गुलाबी फूल केलं तरी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "शेड जरा पिवळी मारतेय." मग मी भांडी आपटायची.

मागच्या वर्षी आमच्या मोशीच्या सोसायटीमागे राहणारी एक बाई दारात आली. ती चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाते. बसस्टॉपवर मी तिला रोज बघायचे. साडीवर कायम एक विटका पुरुषी शर्ट. तिची मुलगी इंजिनियर झाली होती आणि सोमवारपासून कंपनीत रुजू होणार होती.

"ताई, केकवर तिच्या बापाचा कंपनीचा शर्ट पायजे. ह्यो," असं म्हणत तिने अंगातला शर्ट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "पोरगी चार वर्साची असताना ते गेले. तीन शर्ट हुते, ह्यो एकच उरला. पर असा इटका नगं. नवा हुता तसा करा. तिला बाप आठवत न्हाई. निदान त्याचा शर्ट तरी दिसू दे."

मला भरून आलं, आणि लगेच धास्तीही वाटली. शर्ट धुवून धुवून राखेच्या रंगाचा झालेला. नवा कसा होता, कोण सांगणार? सासऱ्यांनी अंगठ्याने खिसा उलटा केला. आत ऊन न लागलेलं कापड चांगलं निळं होतं.

"खरा रंग इथे आहे," ते म्हणाले.

पांढरं चॉकलेट वितळवून त्यात लिक्विड ग्लुकोज घातलं की त्याचा मळता येईल असा गोळा होतो. तो रात्रभर मुरवून ठेवला होता. सकाळी घाईत मी पाण्यातला रंग घातला. चॉकलेटला पाणी चालत नाही; गोळा दाणेदार झाला आणि चॉकलेटमधलं तूप सुटलं. ही चूक शिकाऊ पोरीही करत नाहीत. सासऱ्यांनी नुसता चष्मा कपाळावर सरकवला, त्याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या गोळ्यात चॉकलेटचा, तेलातला रंग घातला, तर निळ्याला हिरवट झाक आली.

"ट्यूबलाइटखाली रंग बघू नकोस," म्हणून ते मला गॅलरीत घेऊन गेले. "तुझं पांढरं मुळात पिवळट आहे. निळा हिरवा दिसणारच. जांभळा घाल, टूथपिकच्या टोकाएवढा."

हिरवट झाक गेली. ते आणखी निळा घालायला निघाले तेव्हा मी हात धरला. "बाबा, हा मुरला की आणखी गडद होतो. इथेच थांबायचं." ते थांबले. माझं त्यांनी ऐकलं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवशी खिशाचं कापड आणि चॉकलेट शेजारी धरलं तर फरक कळेना. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो.

शनिवारी संध्याकाळी मायलेकी आल्या. केकवरचा शर्ट बघून आईने पदर तोंडाशी नेला. "व्हय. असाच हुता."

मुलीने वाकून तो नीट बघितला. मग म्हणाली, "छान आहे. पण मी हा कधी बघितलाच नाही."

आईचा चेहरा उतरला. माझं डोकं तापायला लागलं. दोन दिवस राबलो ते काय हे ऐकायला? तेवढ्यात मुलीने विचारलं, "काकू, थोडं चॉकलेट उरलंय का? आईचा शर्टही करून द्याल?"

"माझा कुठला आलाय शर्ट?" आई म्हणाली.

मी परत द्यायला टेबलावर ठेवलेल्या त्या विटक्या शर्टावर मुलीने हात ठेवला. "हा. बसमधून उतरणाऱ्या बायकांत मी तुला ह्याच्यावरूनच ओळखायचे."

सासऱ्यांनी मला न विचारता उरलेल्या पांढऱ्यात निळ्याची चिमूट मळायला घेतली होती. या वेळी मी भांडी आपटली नाहीत. शर्टावरच्या धुळीसाठी त्यांनी कोको पावडरची कणी मागितली, ती मी दिली. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, तेही मी तसंच केलं. आई आपली पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं, तुज्या बापाचा हाय त्यो. मी नुसता कामाला घालते."

मुलीने दुसरा शर्ट केकवर पहिल्याच्या शेजारी अलगद ठेवला.

"पप्पांनी तो तीन वर्षं घातला, आई. तू सतरा."